लाल-पांढरी लावू नकोस

—नाही, नाही, ही वायर नको नेऊस, पोरी, अख्ख्या अलाबा बाजारात आता हिला कुणी विचारत नाही. काय म्हणालीस, प्लेअर जुना आणि टीव्ही नवा? मग नुसत्या वायरीनं काय होणार? मागून बघ की. तुझ्या प्लेअरला ही तीन भोकं—पिवळं चित्राचं, लाल-पांढरी आवाजाची. आणि नव्या टीव्हीला एकच चपटं तोंड, एचडीएमआयचं. दोघांचं जमायचं तर मध्ये हा डबा लागतो. किंमत नंतर. बस त्या स्टुलावर. घाईनं माल नेणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शिव्या घालत येतं.

आधी ही तीन रंगांचीच होती. मग डिजिटल आलं—ही बघ, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, डीव्हीआय. चित्र काय द्यायची! आरसा नुसता. पण मुकी. आवाजाला वेगळी वायर ओढा. ती मी आणली चीनमधून, अर्धा कंटेनर. सगळे मला म्हणाले, ओग्बोन्नाया, तुझं नशीब उघडलं. आणि माल लागोसच्या बंदराला लागेपर्यंत इकडे जो तो एचडीएमआय मागतोय—चित्र, आवाज, दोन्ही एकाच वायरीत. झालं! तेव्हापासून तिचं तोंड तेच आहे, आकडे तेवढे वाढतात—एक पॉइंट चार, दोन, दोन पॉइंट एक. आता तर टीव्हीतला आवाजही त्याच वायरीनं स्पीकरकडे परत जातो. माझ्या मुक्या वायरी त्या बघ, छपरापर्यंत. टोमॅटोची झाडं बांधायला नेतात लोक.

छे, वाईट कसलं वाटायचंय? धंदा आहे. त्याच कंटेनरपायी ग्वांगझूला अडकलो होतो तेव्हा बायको गेली, एवढंच. उगोची नाव तिचं. तीन आठवडे शवागारात ठेवलं तिला माझ्यासाठी. मी रोज फोनवर सांगायचो, माल बोटीत चढला की निघतो. चढतोय कुठे! शेवटी मेव्हण्यानं फोन उचलायचं बंद केलं आणि त्यांनी उरकून घेतलं. गाढवही गेलं अन् ब्रह्मचर्यही गेलं. आमच्या घरात बायकोच्या कबरीत पहिली माती नवऱ्यानं टाकायची. मी नव्हतो. मग कोणी टाकली? मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

तर काय सांगत होतो—इथे चालवून बघितल्याशिवाय कुणी काही नेत नाही, आणि दुकानाबाहेर पाऊल पडलं की माल परत नाही. काढ तुझी डिस्क. आणली नाहीस? कमाल आहे बाई तुझी, प्लेअर उचलून आणलास आणि डिस्क घरी! शेजारी? शेजारचा दुकानदार आज लग्नाला गेलाय. माझ्याकडे... एक आहे, या ड्रॉवरमध्ये. व्हिडिओवाल्यानं दिलेली, तिच्या मयताची. अठरा वर्षं झाली. नाही, बघितली नाही. घरच्या टीव्हीला पिवळं भोक नाही ना. हो, हा डबा मी दिवसाला चार विकतो, माहीत आहे मला. दिव्याखाली अंधार म्हण. अशी बघू नकोस माझ्याकडे. आण तो प्लेअर, पिवळी तेवढी लावू, जनरेटर चालू आहे तोवर उरकू. नियम म्हणजे नियम.

थांब, निळा पडदा येतोच आधी. आलं—हां, मांडव. त्या एकाच छापाच्या कापडातल्या बायका, सगळी सासुरवाडी माझी. ती रिकामी खुर्ची माझी. टोपी ठेवलीय वर. बघ, रंग ठीक आहेत, चित्र हलत नाही. पाद्री बोलावतोय कुणाला तरी... कुणी पुढे होत नाही. ते माझंच नाव घेत असणार. आता—ती पांढऱ्या फ्रॉकातली कोण? ओलाएदो. माझी मुलगी. सात वर्षांची होती. हिच्या हाती माती दिली होय? मावत नाहीये मुठीत, सांडतेय बघ. तुझ्याएवढी असेल आता. ह्यूस्टनला असते, फोन मामाला करते. आता कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणतेय... नको! लाल-पांढरी लावू नकोस. हात काढ म्हणतो ना! आवाज चालतो त्यातून, माझी हमी. मला नाही ऐकायचं.

बंद कर. चित्र आलं ना? मग झालं तर. हा डबा घे, गुंडाळ तुझा प्लेअर. डिस्क आत राहिली? राहू दे. ने. पैसे ठेव तिथे आणि जा, पोरी.