दवाखान्यातलं नाव

नाई नाई मावशी, नाव तिले नका विचारू, मले विचारा — गीतांजली. बुजते, म्हून बोलत नाई. घे वं, बिस्किट घे. काय झालं म्हन्ता? काई नाई, ताप हाये, साधा ताप — अशा पाहू नका माह्याकडे, साध्या तापासाठी दर्यापूरहून अमरावतीले कोनी येत नाई, मालूम हाये मले. तिकडंबी दवाखाना हाये. पन तिथला कंपाउंडर — हॉल भरलेला, अर्धं गाव बाकड्यावर, आन् तो दारातून वरडला, "सिकलसेलवाली पोरगी कोनाची?" मी उठली. उठा लागते ना, लेकरू हातपाय दुखून रडून राहिलं होतं. आमी जीपनं घरी पोचलो, त्याच्या आधी खबर पोचली! अंगनवाडीत पोरी इच्यापासून सरकून बसाले लागल्या — हे लागट नसते मावशी, रक्तातलं हाये, मायबापाकडून येते, मी सातवीच शिकली पन डॉक्टरीनबाईनं सांगतलं ते समजलं मले — आता कोनाकोनाले समजावू? माही नणंद रागिणी, तिचं जमलेलं लग्न मोडलं. सासू म्हने, कोनी ओळखत नाई तिथं ने पोरीले. म्हून इथं. म्हून हे —

जाऊ द्या. थकली मी, बापा. घरून निघालं का शेजारीन इचारते, कुठं चालली. जीपवाला इचारते, कोनाकडं. तुमी इचारता — काहून इचारतात सारे? रागाऊ नका, तुमाले नाई म्हनत. घरी पोरगी कन्हाले लागली का सासू टीव्हीचा आवाज वाढवते, भिंतीपलीकडं जाऊ नये म्हून. दुखते तिले, आन् नाचगाणं माह्या कानात. त्यात आता पोटातल्याचीबी तपासनी करा लागते म्हन्ते डॉक्टरीनबाई, तेबी लवकर — इच्या बापाले, संघपालले, अजून सांगतलं नाई मी. कोनालेच नाई. आन् तुमाले काहून सांगून बसली? पाहा, तुमच्या हातातलं एक बिस्किट काय घेतलं...

थांबा, पुकारलं. गीतांजली, ऊठ वं. ऊठ ना. तुलेच बलावते. असं काय पाहतं — इथं तेच नाव हाये ना आपलं? ऊठ, प्रियू!

काय मावशी? काई ऐकलं नाई तुमी. मी इचारलं का तुमचं नाव? पाय घ्या, जाऊ द्या आमाले.