बाहेरची भिंत गार होती

अपघात म्हणायचं याला? तुमच्या खात्याला तो शब्द सोयीचा असेल, साहेब, मला नाही. बसा. त्या कोपऱ्यात नको – तिथली फरशी धुतली, पण डाग जात नाही – इथे बसा. हेच ते यंत्र. निम्मं उरलं आहे. एकात एक दोन ढोल, उलट दिशांनी फिरणारे, मधली फट नखाएवढी. फटीतली हवा पंपाने उपसायची. उरते ती अगदी विरळ. तीत भरधाव फिरणारे भाग टिकतात का हे पाहून द्यायचं, हा आमचा धंदा. वडिलांनी उभा केलेला. त्यांची एक रीत होती – वेग वाढवण्याआधी बाहेरचा ढोल थांबवायचा, देवाचं नाव घ्यायचं, आणि त्यावर उजवा तळहात ठेवायचा. सोसवला तर पुढे जायचं. रीत खोटी नव्हती. पण वडिलांच्या यंत्रात भरपूर हवा असे. आतला ताप ती बाहेर आणून देई. विरळ हवेत आणणार कोण? मोजके कण! भिंतींच्या ओढाताणीत तेही तापतात, पण नेऊन नेऊन ते नेणार किती? आत लोखंड भाजून निघालं तरी बाहेरची भिंत गारच. वडिलांमागे धंदा पाहणाऱ्या माझ्या दादाला हे ठाऊक नव्हतं का? होतं. मेहुण्याने – आमच्या धाकटीच्या नवऱ्याने, यंत्र तोच चालवी – माझ्यादेखत सांगितलं, ‘दादा, आतला ढोल फुगलाय. फट मिटत आलीय. निवू द्या.’ दादाने तळहात ठेवला आणि हसला. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला? गार आहे. भीती वाटत असेल तर बायकोला आण सोबतीला!’ बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं ना – थोरल्याचा शब्द खाली कसा पडावा? मेहुणा मागे हटला. दादाने उलट्या हाताने त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. मग मानगूट धरून त्याला पुन्हा यंत्रापाशी उभं केलं, आणि वेग स्वतः वाढवला. किंचाळी उठली ती माणसाची नव्हे, धातूची. ढोल घासला, अडला, फुटला. एक तुकडा मेहुण्याच्या गळ्यात शिरला. त्याला ओरडताही आलं नाही. आणि दादा? ओरखडा नाही. पहिला शब्द काय काढला त्याने? ‘पण गार होता रे!’ रक्त त्याच्या पावलांपर्यंत आलेलं, आणि हा म्हणतो गार होता! देव सगळं पाहतो, साहेब – आणि हात मात्र कधी कधी माणसाचे वापरतो. आतल्या ढोलाचा अर्धा भाग जागीच होता, तापून निळा पडलेला. मी म्हटलं, दादा, आता बघ गार आहे का. मनगट पकडलं, तळहात त्यावर दाबला. अंगाने तो माझ्या दुप्पट, पण पाठीत गुडघा रोवला की कसली ताकद – धाकटी दारात येऊन उभी राहीपर्यंत मी सोडलं नाही – लिहिता लिहिता थांबलात का? तोल जाऊन पडलो, असं सांगितलं त्याने तुम्हाला? थोरला तो, माझ्यासाठी खोटं बोलला असेल. मी बोलणार नाही. लिहा. करावं तसं भरावं, हे मला लागू नाही असं कुठे म्हटलं मी? पण आधी त्याचं लिहा, मग माझं. आणि हेही लिहा. आज सकाळी डॉक्टरांनी दादाचा उजवा हात मनगटापासून काढला.