न धरलेला उतार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले बोरस्ते सर, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

मला भाषण येत नाही. सरांचा सहकारी शिक्षक म्हणून पत्रिकेत नाव छापलं, म्हणून उभा आहे.

सरांनी या शाळेत आयुष्यभर त्वरण शिकवलं. वेगातला बदल भागिले वेळ, ही एक रीत. वेळ माहीत नसेल तर वेग आणि अंतर यांवरून, ही दुसरी. बल भागिले वस्तुमान, ही तिसरी. कोणती कुठे लावायची, हे सर फार छान सांगत. मग घाटात त्यांचं गणित कसं चुकलं?

माझा धाकटा भाऊ पुंजाराम अंबडच्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा. पेठ रस्त्याचा घाट उतरताना समोर बैलगाडी आली. त्याने ब्रेक दाबला, ट्रक दरीत गेला. गाडीवान वाचला, पुंजाराम गेला. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे राहिले. त्यांवरून वेग काढायला मालकाने आपल्या सरांना नेलं. सरांनी पट्टे मोजले; पण ब्रेकने वेग किती झपाट्याने उतरतो, तो आकडा घेतला सपाट रस्त्याचा. उतारावर गाडी तेवढ्या लवकर थांबते का? आकडा मोठा धरला, म्हणून वेगही मोठा निघाला. 'चालक बेफाम होता,' असा शेरा पडला.

मी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "सर, उतार धरला नाहीत?"

"उतार धरला की गणित लांबतं हो. मालकाला लगेच उत्तर हवं होतं."

"मग आता दुरुस्त करून द्या."

"तुम्ही पण ना! मेलेला माणूस काय परीक्षेला बसणार आहे? घ्या, चहा गार होतोय."

मला किळस आली. आजही येते. याच सरांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून मुलांचे गुण कापले आहेत.

मागच्या रांगेत माझी भावजय चांगुणा बसली आहे. गावात तिला 'बेफाम ड्रायव्हरची बायको' म्हणतात. ती मला म्हणाली, "भाऊजी, मला दुसरं काय नाय पायजे. सरांनी चार मानसांत येकदा सांगावं, ते बेफाम नव्हते."

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपले आभार. माझ्यामुळे समारंभाला काही उणेपणा आला असेल, तर तो पोटात घाला.

आता सत्काराला उत्तर द्यायला सर उठतील. सर, उतार धरून ते गणित मी तुमच्या मागच्या फळ्यावर मांडलं आहे. तपासा. बरोबर असेल तर तेवढं मोठ्याने सांगा. तोवर मी खाली बसत नाही.