दोन जेसीबींचा गुलाल

मनुबाई : ...आन् सुलाबाईला म्हणावं, तुज्या नातवानं कुस्ती मारली तवा वेशीत एकच जेसीबी हुता. माज्या लेकाला दोन हायत. ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक.

क्रांती : आत्ती, ते तुमीच सांगा. तिची सून माझी मैत्रीण आहे. उद्या पाण्याला एका वाटेनं जायचंय आम्हाला.

मनुबाई : मग सांगूच नगं. बघंल की डोळ्यानं. मोतीबिंदू काढलाय न्हवं औंदा.

क्रांती : एक बोलू? त्यांचा सूरज मातीत उतरून खेळला हुता. ह्यांनी तर नुसती फुटबॉलची मॅच बघितली.

मनुबाई : नुसती बघितली? अगं, रडला त्यो! सारा देश नाचत हुता, आन् टीव्हीवाल्यानं क्यामेरा कुणाकडं फिरवला? माज्या जयराजकडं. डोस्क्याला फेटा, गालावर झेंडा, आन् ढसाढसा रडतोय. खेळणाऱ्यांची तोंडं गावात कुणाच्या ध्येनात न्हाईत, पर त्यो फेटा शेंबड्या पोराच्याबी ध्येनात हाय. विट्याच्या बाजारात मला बायांनी वाट सोडली गं!

क्रांती : आणि चार वर्षं तुमीच म्हणायच्या, चेंडूला लाथा हाणायच्या, त्यात कसलं आलंय कौतिक.

मनुबाई : म्हणत हुते. आता न्हाई म्हणत. शब्द माजाच हाय, मी फिरवीन. तू निरांजन घे ताटात. वाती कोरड्या ठिवू नगं, तुपात बुडव.

क्रांती : देवापुढल्या दिव्यावरनंच लावते.

मनुबाई : त्यो अजून जळतोयच व्हय?

क्रांती : मॅच बरोबरीत सुटली ना, त्या वक्ताला लावलाय. हे फोनवर म्हणाले हुते, "जिंकलो तर गावाकडं येतो. हारलो तर हितंच केरळात भट्टीपुढं बसतो, मला बोलवू नका." दोन दिवाळ्या झाल्या आत्ती, आले न्हाईत. मी रेवणसिद्धाला बोलले, हे घरात पाय टाकंपर्यंत दिवा इझू देणार न्हाई.

मनुबाई : म्हंजी परवापास्नं दोन्ही राती जागीच?

क्रांती : मधनं मधनं तेल घालत हुते.

मनुबाई : येडी. बरं, हळद-कुंकू झालं, सुपारी झाली. गुलाल घे वाटीत. जेसीबीवाल्या लालासाहेबानं एक पोतं हितं सोप्यात ठिवलंय घरच्या वापराला. बाकीचा वेशीत गेला. आगं, वाटी नगं झटकू! दिवा हाय खाली, दिवा...

क्रांती : आई गं!

मनुबाई : सर मागं! भाजलं? दाव हात. तोंड दाव.

क्रांती : न्हाई, काय न्हाई... कपाळावरचं केस जरासं. आत्ती, चिमूटभरच सांडला हुता.

मनुबाई : चिमटीचा जाळ येवढा? पाक नाकापतूर आला की गं. परत टाक.

क्रांती : काय?

मनुबाई : परत टाक म्हंते. हात लांब धर, आन् पदर खोच आदी.

क्रांती : मला भ्या वाटतंय.

मनुबाई : आण हिकडं. मी टाकते. हां... बघितलंस?

क्रांती : खाली पडायच्या आधीच पेटतोय. हवेतच.

मनुबाई : आमी काय गुलाल खेळलो न्हाई व्हय? मूठ-मूठ उधळायचो. कपाळाला लागला की चार दीस निघत न्हवता, जड असायचा. ह्यो बघ, बोटावर थांबंना. फुकणी मारल्यागत उडतोय. काय लिवलंय पोत्यावर?

क्रांती : कायच न्हाई. नावच न्हाई पोत्यावर.

मनुबाई : वेशीत किती भरलाय?

क्रांती : जेसीबीची दोन्ही बकेटं काठोकाठ भरल्यात म्हणत हुते. ह्यांना मधी उभं करायचं, बायांनी ओवाळायचं, आन् दोन्हीकडनं एकदमच ओतायचं. व्हिडिओ चांगला येतोय म्हणं तसा.

मनुबाई : आन् बाया किती येनार?

क्रांती : किती म्हंजे? तुमीच दवंडी दिल्यागत सांगून आलाय. घरटी एक बाई, हातात ताट, ताटात दिवा. रिकाम्या हातानं कुणी यायचं न्हाई.

मनुबाई : मीच सांगितलं.

क्रांती : आत्ती? बसा जरा. पाणी देऊ का?

मनुबाई : पाणी नगं. फोन लाव त्येला.

क्रांती : त्यांचाच येतोय बघा. स्पीकरवर टाकते.

जयराज : आये! ए आये! तासगाव मागं पडलं! मिरजेला स्टेशनावर गड्यांनी खांद्यावर घेतला मला, डब्यातनं खाली पाय टेकू दिला न्हाई. ऐकतीस न्हवं?

मनुबाई : ऐकते. जयराज, आदी माजं...

जयराज : आये, तुला सांगतो, शेवटच्या पेनल्टीला आपला गोली उजवीकडं झेपावला. चेंडू बोटाला लागला त्येच्या, दांडीला लागला, आन् भायेर! मला आवाजच आला न्हाई गं. येवढं मैदान, येवढी माणसं, आन् सगळं गप. मला वाटलं कान गेलं. मग ध्यानात आलं, मीच वरडतोय. माजाच आवाज माज्या कानात मावंना.

मनुबाई : बघितलं मी. पर ऐक...

जयराज : तुला काय ठावं आये, तिथं काय असतंय. मामानं बारा वर्साचा असताना नेलं मला सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात. आजूबाजूची मल्याळी पोरं, कोण ब्राझील, कोण अर्जेंटिना. भिंतीवर त्यांचंच फोटो. मी म्हणायचो, मी भारत. हसायची मला. आपला संघ हारला की दुकानात येऊन च्या पाजायची, घरात सुतक असल्यागत. परवा त्याच पोरांनी मला उचलला. माजं पाय धरलं एकानं!

मनुबाई : जयराज, गप. गुलाल पेट घेतोय.

जयराज : आँ?

मनुबाई : लालासाहेबानं आणलाय त्यो. क्रांतीच्या हातनं चिमूटभर दिव्यावर पडला, तर भडका झाला. दोन बकेटं हायत तसली. आन् भोवती समद्या बाया दिवं घिऊन. त्येला फोन कर, म्हणावं गुलाल ऱ्हाऊ दे.

जयराज : हॅ! आये, मी सोनं वितळवतो. दिवसभर तोंडापुढं जाळ असतोय माज्या. मी निरांजनाला भिऊ व्हय?

मनुबाई : तुजा बा बी सोनंच वितळवायचा. त्येचा उजवा हात आठवतोय न्हवं? त्योच सांगायचा, इस्तवाला वळखीचा म्हणू नगं.

जयराज : ते ॲसिड हुतं, आये. येगळं.

मनुबाई : कातडं येकच हुतं.

जयराज : आगं, दर निवडणुकीला उधळत्यात, दर कुस्तीला उधळत्यात. काय हुतंय? आन् दोन जेसीबी मागितलं कुणी? लालासाहेब सांगत हुता मला, तुजी आई माज्या दारात येऊन बसली हुती, दुसरा जेसीबी कबूल केल्याबिगर उठली न्हाई. आता तूच नगं म्हंतीस? सुलाबाई काय म्हणंल?

मनुबाई : म्हणू दे. तिचं त्वांड तिच्यापाशी.

जयराज : तू म्हंतीस हे?

मनुबाई : व्हय, मी म्हंते.

जयराज : आये, माजं ऐक. मी आविष्यात कायबी जिंकलो न्हाई. शाळेत न्हाई, मातीत न्हाई. दुकान मामाचं, भट्टी मामाची. ही पोरं जिंकली ना, ती माज्या वाटणीचं जिंकली. सारा गाव माज्यासाठी वेशीत उभा ऱ्हानार. येक दीस, आये. पडू दे की माज्या डोस्क्यावर गुलाल.

मनुबाई : लेकरा...

जयराज : हॅलो? आवाज तुटतोय. डीजे आला बघ आडवा, फाट्यापर्यंत आल्यात सगळी! ठेवतो, ठेवतो! क्रांतीला सांग, फेटा तसाच हाय अजून!

क्रांती : कट झाला.

मनुबाई : लालासाहेबाला लाव.

क्रांती : वाजतोय... उचलत न्हाईत. डीजेपुढं असतील.

मनुबाई : परत लाव.

क्रांती : न्हाई उचलत, आत्ती.

मनुबाई : दूध हाय का घरात?

क्रांती : चरवीत आहे सकाळचं. कशाला?

मनुबाई : गुलाल माज्या हातात ऱ्हायला न्हाई. त्यो गड्यांच्या हातात गेला. दिवं बायांच्या हातात हायत, आन् बाया माज्या शबुदावर आल्यात. दिवा फुकून मालवू नये, दूध घालून शांत करावा. वेशीत उभी ऱ्हाते आन् येकेकीच्या ताटात दुधाची धार सोडते.

क्रांती : ओवाळायच्या वक्ताला? आत्ती, लोक काय म्हणतील! पोरगा दारात आला आन् आईनं दिवा मालवला. ह्याच्यापरीस वंगाळ काय असतंय?

मनुबाई : असतंय.

क्रांती : अपशकुन हुतोय.

मनुबाई : हू दे. माज्या माथी हू दे. आण चरवी. आदी ह्यो आपला. धर ताट.

क्रांती : हा... हा देवापुढल्या दिव्यावरनं लावलाय. नवसाचीच जोत आहे ही.

मनुबाई : म्हणून काय झालं? जाळाला देव कळतोय?

क्रांती : तुमी व्हा पुढं, आत्ती. गर्दी वाढतीय, बाया सापडायच्या न्हाईत तुम्हाला. ह्याच्यावर मी घालते दूध. देवाला हात जोडून घालते आन् येते मागनं.

मनुबाई : घाल बरं का. इसरू नगं.

क्रांती : न्हाई.

(वेस. दिवस कलता. डीजे आणि हलगी. दोन्ही बाजूंना जेसीबीची भरलेली बकेटं वर उचललेली. मनुबाई चरवी घेऊन बायकांच्या रांगेतून निघाली आहे.)

मनुबाई : ताट खाली घे. खाली घे म्हंते ना! झालं. तू गं? तुजंबी. डोळं वटारू नगंस माज्याकडं, सुले, लेक माजा हाय. दिवा तुजा असंल, दूध माजं हाय. व्हय व्हय, म्हातारीला येड लागलंय, उद्या साऱ्या गावात सांग. आता ताट खाली घे. तुज्या मागं कोण? तिचं झालं. हिचं झालं. वाट द्या, पोरींनो. झालं समद्यांचं?

जयराज : आये! काय चाललंय? हे काय करतीस तू?

मनुबाई : आलास? थांब, बघू दे तुला. वाळलास.

जयराज : सगळ्यांचं दिवं मालवलंस? माज्या मिरवणुकीत? लोकं बघत्यात आये, व्हिडिओ चालू हाय!

मनुबाई : चालू दे. फेटा वाकडा झालाय, नीट कर. मी ओवाळते की. दिव्याबिगर ओवाळलं म्हणून आई काय सावत्र हुत न्हाई.

जयराज : तुज्या मनासारखंच करायचं तुला. कायम.

मनुबाई : कायम. रागं भर मला. घरी जाऊन पोटभर रागं भर, मी च्या करून देते आन् बसून ऐकते. हितं फकस्त हास.

जयराज : तू बी ना... बरं. झालं समाधान? आता तरी सांगू का लालासाहेबाला?

मनुबाई : थांब. ही रांग... ती कडंची... व्हय. कुठंबी उजेड न्हाई. सांग आता. दोन्ही बकेटं म्हणावं. येकबी मूठ मागं ठिवू नगा. सुलीला बघू दे.

जयराज : ही माजी आये! गड्यांनो, आवाज बंद करा जरा! लालासाहेब, होऊ द्या! दोन्हीकडनं!

मनुबाई : क्रांती कुठं ऱ्हायली? ए क्रांते! लाजतीस काय, म्होरं ये. नवरा आलाय तुजा, चोर न्हाई आला. हां, अशी हितं जवळ उभी ऱ्हा त्येच्या.

जयराज : दोन दिवाळ्यांचं रागं भरलीस वाटतं. वर बघंना माज्याकडं.

क्रांती : न्हाई हो. आलात ना. झालं.

मनुबाई : रडतीस कशाला गं आता? आन् पदर असा का धरलाईस दोन्ही हातांनी? सोड की. ताट कुठाय तुजं?

जयराज : आये, बघ, बघ वर! सुटला! दोन्हीकडनं सुटला!

मनुबाई : क्रांते. पदराखाली काय हाय?

क्रांती : अजून घरात पाय टाकला न्हाई ना ह्यांनी, आत्ती.