काका गेले त्या दिवशीचा इंटरव्ह्यू

अध्यक्ष, शालूकाकू आणि काळाचौकीतल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

मला माईकवर बोलायची सवय नाही. मी सुनंदा, दुसऱ्या मजल्यावरची, प्राचीची आई. नळावर माझा आवाज तुम्ही रोज ऐकता. विलासकाका गेले, हे अजून खरं वाटत नाही. आणि खरं सांगते, मला रडण्याआधी राग येतोय. तो आज इथेच काढणार आहे. ऐकून घ्या.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. छापखाना बंद पडला आणि काका ऐन चाळिशीत घरी बसले. घरी म्हणजे कुठे? मंडळाच्या फळ्यापाशी. ज्या फळ्यावर आपण वर्गणी आणि मयताची खबर लिहितो, त्याच फळ्यावर काका नोकऱ्या लिहायला लागले. पेपरात आली म्हणून लिहिली, असं नाही हं. आधी स्वतः फोन करायचे. "जागा खरंच आहे ना? पगार तुम्ही देणार की कंत्राटदार? पोरांकडून डिपॉझिट मागितलंत तर मी तिथे येऊन बसेन!" मगच खडू हातात घ्यायचे.

आणि गेल्या काही वर्षांत फळ्यावर काय दिसायचं? "आज जागा नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अध्यक्ष एकदा म्हणाले, "काका, वाईट दिसतं ओ, त्यापेक्षा सुविचार लिहा." काका भडकले. "सुविचार खावन पोरां जगतली काय रे?"

मी काकांना विचारलं होतं, टीव्हीवर तर सांगतात बेकारी कमी झाली, मग आमच्या जिन्यात एवढी पोरं दिवसाढवळ्या कशी बसलेली? काका म्हणाले, "सुनंदा, जो शोधायचा थांबला त्याला बेकार धरतच नाहीत. आणि जो बाईकवरून लोकांची जेवणं पोचवतो, तो कामाला लागला म्हणून धरतात. आकडा कमी होणार नाही तर काय?"

माझी प्राची बी.कॉम. आहे. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट, मग घरी. पुन्हा दुसरीकडे काँट्रॅक्ट, पुन्हा घरी. जाईल तिथे अनुभव विचारतात. अरे, कोणी घेतलंच नाही तर अनुभव आणायचा कुठून, वाण्याकडून? आणि वर हे कंपनीवालेच रडतात, आम्हाला माणसं मिळत नाहीत. काका म्हणायचे, यांना तयार माणूस पाहिजे. मला छापखान्यात घेतलं तेव्हा मला काय येत होतं? वर्षभर शिव्या खाल्ल्या, मग हात बसला. आता शिव्या द्यायलासुद्धा कोणी ठेवून घेत नाही.

आणि मग परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला जागा निघाल्या. कायमच्या! नवीन मुलं चालतील म्हणाले. काका तिथल्या मॅडमच्या मागे लागले, लागले, आणि आपल्या चार पोरांची नावं घ्यायला लावली. सोमवारी सकाळी इंटरव्ह्यू. आणि सोमवारी पहाटेच काका गेले.

पुढचं इथे कोणी बोलत नाही. मी बोलते. मुलगा नाशिकहून यायचा होता, म्हणून काकांना दुपारपर्यंत ठेवलं. आपल्या चाळीची रीत, मयत उचलेपर्यंत कोणी कामावर जायचं नाही. प्राची तयार होऊन जिन्यात उभी होती. तिला ऐकवलं गेलं, "काकांनी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि आज तू चाललीस?" पोरगी परत वर आली. चौघंही थांबली. ज्या माणसाने इंटरव्ह्यू मिळवून दिला, त्याच्याच मानापायी तो चुकवला! याला काय म्हणायचं? काका उठून बसू शकले असते ना, तर एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता.

दुसऱ्या दिवशी पोरांनी फोन केला. "सॉरी, जागा भरल्या." भरणारच. बाहेर रांग काय कमी होती?

मग नवरा गेला म्हणून सुतकात बसलेल्या शालूकाकूंनी स्वतः त्या मॅडमना फोन लावला. घेतलेल्यांपैकी दोघं आलीच नाहीत म्हणे. त्या दोन जागांसाठी आपल्या पोरांना पुन्हा बोलावलंय. कधी? उद्या सकाळी.

आणि उद्या काकांचं तेरावं. अध्यक्ष, राग मानू नका. तुम्ही आत्ताच सांगितलंत, पंगतीत वाढायला या चौघांनी सकाळपासून हजर राहायचं. नाही राहणार! मी काकूंना विचारलंय. काकू म्हणाल्या, "उद्या पोरां हंय दिसली तर माका चलाचा नाय." वाढायला मी आहे, तुम्ही आहात, पोट सुटलेले हे सगळे बाप्ये आहेत. घ्या की बादल्या हातात.

काका, माझा नमस्कार घ्या. दोन जागा आहेत आणि पोरं चार. उद्या कोणाचं होईल, मला माहीत नाही. माझ्या पोरीचं व्हावं असं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मोबाईल बंद करा. पण प्राची, आणि तुम्ही तिघं, तुम्ही उभं राहायचं नाही. घरी जा. कपड्यांना इस्त्री करा, जेवा, लवकर झोपा. जा ना रे, माझ्या तोंडाकडे काय बघताय?

दारातल्यांनी पोरांना वाट द्या. बाकीचे सगळे, उभे राहा.