उपासकाळातला गुलखैरा

काय सांगू तुमाला, माझं माहेर वसईच्या वाडीतलं, बाबाचा मळा भेंडीचा नि वांग्याचा, फुलझाडाला जागा कोन देतो, आनि लग्न झालं ते सुताराशी, तवा अंगनात हवं ते लावायला मोकळी झाली. गुलखैरा माझा लाडका, हॉलीहॉक म्हनतात ना, तो, त्यातबी डबल, पाकळ्या अशा दाट की मधला परागाचा दांडा दिसत नाय. पाऊस सरला की बी टाकते, पानी मुळाशी, पानावर नाय, खालचं पान तांबेरलं की खुडायचं, वाऱ्याला बांबू बांधायचा. डबलचंच बी पेरलं तरी मधीच साधं निघतं, पयलं फूल उमललं की कळतं, मग उपटते, माया करत नाय.

शेजारीन म्हनते, गे बाय, हा फुलतो ईस्टरच्या आधी, ऐन उपासकाळात, तवा चर्चात आल्तारावर, वेदीवर, फुलं ठेवत नाय, मग उपेग काय? अगं, मधी संत जोसेफचा सन येतो ना, त्या दिवशी चालतात! जोसेफ सुतार, माझा नवराबी सुतार, चर्चात जोसेफ ज्या सागाच्या चौथऱ्यावर उभा हाय तो ह्याच्याच हातचा. हा गेला तवापासून सनाला त्या चौथऱ्यापाशी माझा गुलखैरा.

गेल्या सनाला चर्चाची सजावट करनारी फिलू म्हनाली, मावशी, यंदा फुलवाल्याकडून जरबेरा मागवलेत, सगळे एका रंगाचे, तुमचं ते भेंडीचं झाड घरीच राहू दे. भेंडीच्या जातीचं हाय, खरं हाय, पन म्हनून काय झालं? राग आला मला, रडूबी आलं, तो चौथरा तासताना बघितलंय मी ह्याला. दांडे कापले, बादलीत घातले, नेऊन ठेवली जोसेफच्या पायाशी. फिलूनं उचलून मागच्या खोलीत नेली. मी परत आनली. तिनं परत नेली. मी परत आनली नि म्हटलं, फिलू, जोसेफ सुतार व्हता, फुलवाला नव्हता. तेवढ्यात मिस्साची, प्रार्थना सुरू व्हायची घंटा झाली, सगळे उभे राहिले, मग कोन हलवतो!

यंदाबी पेरलाय, रोपं गुडघ्याला लागलीत. फिलूवर राग नाय माझा, पोर चांगली हाय, देव तिचं भलं करो. बादली मातर मोठी घेतलीय, पानी भरलं की मी नि सून दोघी मिळून उचलतो. फिलू एकटीच असते. देव तिच्या कमरेला बळ देवो.