बारा फेऱ्या

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारची तरुण डॉक्टरीण फोनच्या पडद्यावर आपल्या मार्गदर्शक बाईंशी बोलत होती.

"बाई, दोन वर्षं पडद्यावरून शिकवलंत, आणि आज औषधाच्या चाचणीचा आराखडा पाठवायचा, तर बाकावर बसवलंत!"

"मागच्या चाचणीतून निम्मे रुग्ण का गळाले, ते तिथूनच दिसेल. यंदा रुग्णांना दवाखान्याच्या किती फेऱ्या लिहिल्यास?"

"बारा. रक्त तपासायला."

"समोर कोण आहे गं?"

"एक आजी. लेकीच्या खांद्यावर झोपल्यात. ऊन पायांवरून चढत चढत त्यांच्या ओटीत आलंय."

"आणि लेक?"

"हलत नाहीये. श्वाससुद्धा हळू घेतेय."

"मग, बाराच फेऱ्या?"

"बाई, चार फेऱ्या पुरतील. बाकीच्या वेळी रक्त आम्हीच रुग्णांच्या घरी जाऊन घेऊ... थांबा, आजींचा नंबर पुकारतायत."

"मग उठव त्यांना."

"झोपू देत. मी आत सांगून येते, थोडं थांबा म्हणून."